दुसरी चिठ्ठी उघडा

आमच्या दाआन वाडीत असं एकही घर नाही, जिथल्या कपाटात मानांग लारिंगच्या, म्हणजे लारिंगताईच्या, हातचा कागद नाही. रहिवासाचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, शेजाऱ्याच्या डुकराने रताळी उकरली त्याच्या समझोत्याचा कागद, सगळं तिच्या गोल, टपोऱ्या अक्षरात. वाडीच्या कचेरीत संगणक येऊन आठ वर्षं झाली. पण आमच्याकडची वीज पाहुण्यासारखी, येते तशी जाते. संगणकावर तिने विणलेला पांढरा रुमाल घातला आणि त्यावर सांत निन्योची, बाळ येशूची, मूर्ती ठेवली. लिहायचं काम हातानेच चालू राहिलं.

तिचं पूर्ण नाव हिलारिया काबाहित. शहरात दोन वर्षं चिटणिसाचं शिक्षण घेऊन परत आली, इमो नावाच्या कोळ्याशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली. इमो गेला. मुलगी सेबू शहरात नर्स झाली, मुलगा मालवाहू जहाजावर लागला. मानांग कचेरीत राहिली, वाडीची चिटणीस म्हणून, सव्वीस वर्षं. तेवढ्यात कप्तान, म्हणजे वाडीचे प्रमुख, चार झाले. पहिला निवृत्त शिक्षक होता, तो तिच्या कागदातले स्वल्पविराम तपासायचा. दुसरा बैठकीत झोपायचा, आणि झोपेतही मान डोलवायचा म्हणून ठराव मंजूर व्हायचे. तिसऱ्याचा जीव कोंबड्यांत, झुंजीच्या रविवारी त्याला सही मागायला गेलं तर तो कोंबडा धरायला द्यायचा. चौथा बरा होता, पण बोलताना घाबरायचा, म्हणून त्याची भाषणंही हीच लिहायची. सभेच्या वृत्तांतात "कप्तान म्हणाले" असं आलं की आम्ही समजायचो, हे मानांग म्हणाली असणार.

लिहिण्याखेरीज तिला एकच नाद, गावाचा इतिहास. आमचं लुंबायान अकरा वाड्यांचं गाव. महापौर, नगरमंडळ, चर्च, बाजार, सगळं वर इलायाच्या टेकडीवर. आम्ही खाली, नदीच्या मुखाशी. पण गाव मुळात आमच्याकडे होतं. चर्चच्या पायाचे प्रवाळी दगड अजून नोर्मिता बाईंच्या शाळेमागे आहेत, मुलं त्यावर बसून डबा खातात. एका वादळात समुद्र थेट वेदीपर्यंत आला. पाद्री म्हणाला, गाव हलवू या. इलायाचे म्हणाले, आमच्याकडे या. दाआनचे म्हणाले, इथेच पुन्हा बांधू. पाद्रीने दोन चिठ्ठ्या आपल्या टोपीत टाकल्या, एक काढली, वाचली: इलाया. आणि टोपी डोक्यावर घातली. दुसरी चिठ्ठी आतच.

एकशेचाळीस वर्षं झाली. दाआनमधलं तान्हं मूलसुद्धा सांगेल की त्या दुसऱ्या चिठ्ठीवरही इलायाच लिहिलेलं होतं.

मानांग एकदा वर जाऊन चर्चची जुनी दप्तरं चाळून आली होती. चिठ्ठी काही मिळाली नाही, पण पाद्रीच्या हातची एक ओळ मिळाली: "जागेची निवड चिठ्ठी टाकून, सर्वांच्या समाधानाने झाली."

"सर्वांच्या समाधानाने!" माझ्या ओट्यावर बसून ती हसत सुटली. "इंदाय, आपल्याकडच्या एकाला तरी विचारलं होतं का त्या बाबाने?" त्या दिवसापासून तिने हे शब्द कुठल्याच वृत्तांतात लिहिले नाहीत. "बहुमताने" लिहायची, "थोड्या कुरकुरीनंतर" लिहायची.

पुढे अमेरिकनांच्या काळात आमचं गावच मोडलं आणि अकरा वर्षं शेजारच्या गावात घातलं. इलायाच्या लोकांना साध्या दाखल्यासाठी दुसऱ्याच्या कचेरीत पायी जावं लागलं. ही गोष्ट मानांग फार चवीने सांगते. गावाच्या वर्धापनदिनाला महापौरांच्या कचेरीतून तिला दोन पानी इतिहास वाचायला बोलावतात, आणि दर वर्षी त्यातून टोपी आणि ही अकरा वर्षं तेवढी गाळून पाठवतात. ती दर वर्षी दोन्ही पुन्हा घालून वाचते.

त्या टोपीपायी आमच्या वाडीत एक रीत पडली. कशाचीही चिठ्ठी काढा, उरलेली उघडून मोठ्याने वाचायची. एका नाताळला भाताच्या कुकरसाठी दोनशे नावांची सोडत होती. उरलेल्या एकशे नव्व्याण्णव चिठ्ठ्या वाचून होईपर्यंत शेवया गार झाल्या. कुणी हूं की चूं केलं नाही.

तर चौथ्या कप्तानाच्या तीन मुदती संपल्या आणि निवडणूक लागली. एका दुपारी मानांग माझ्याकडे आली, खुर्चीवर न बसता दारातच उभी राहिली.

"इंदाय, मी उभी राहतेय."

"ते दिसतंय. बस आता."

"कप्तानपदाला उभी राहतेय, बाई!"

मी हातातली मासळी तशीच टोपल्यात टाकली. वाडीच्या चिटणिसाने अर्ज भरला की पद सुटतं, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"सव्वीस वर्षं कागदावर वर लिहिते मी आणि खाली सही दुसऱ्याची," ती म्हणाली. "एकदा खाली जायचंय मला. एकसष्ट पूर्ण झाली. हरले तर पुन्हा वर लिहायला बसणार नाही. घरी बसून सुमान विकेन."

तिने अर्ज भरायच्या आधी एक काम केलं. केळीच्या पानातल्या त्याच गोड चिकट भाताची, सुमानची, जुडी घेऊन ती मानोंग सांतोच्या, म्हणजे सांतोदादाच्या, घरी गेली, आणि मला सोबत नेलं. क्रिसांतो लुमापास, होड्या बांधणारा, वाडीच्या मंडळावर नऊ वर्षं सभासद, गाणं म्हणणारा, कुणाच्याही मयताला बाकं ठोकून देणारा. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्यात लारिंग धर्ममाता होती. तेव्हापासून ती त्याला कुम्पारे म्हणते आणि तो तिला कुमारे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावंडापेक्षा नाजूक. भावाशी भांडता येतं, कुम्पारेशी नाही.

"कुम्पारे, मी उभी राहतेय. मनात काही आणू नकोस."

सांतोने सुमानचं पान सोलता सोलता मान वर केली. "मनात कसलं? मीपण राहतोय."

मग सांतोची बायको पुरिता म्हणाली, "आधी खाऊन घ्या. निवडणूक काय पळून जातेय?" आणि सगळी सुमान संपेपर्यंत कुणी विषय काढला नाही.

प्रचारही तसाच झाला. मानांग दारोदार जाऊन सांगायची, "सांतो चांगला माणूस आहे, पण मलाही संधी द्या." सांतो माडीच्या गुत्त्यात सांगायचा, "कुमारे हुशार आहे, हे मी कबूल करतो, तरी मत मला द्या." आमच्या वाडीतली माणसं पार गोंधळून गेली.

मतदान सोमवारी शाळेत झालं. आमच्याकडे वाडीच्या निवडणुकीत उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर हाताने लिहावं लागतं. तीनला मतदान संपलं, आणि नोर्मिता बाई एकेक मतपत्रिका उघडून मोठ्याने वाचू लागल्या. फळ्यावर तपकिरी कागद चिकटवला होता, त्यावर दुसऱ्या शिक्षिका रेघा ओढत होत्या. खिडक्यांना बाहेरून माणसं लटकलेली. मी मानांगच्या वतीने देखरेखीला पहिल्या बाकावर होते. दोन्ही उमेदवार मागच्या बाकावर शेजारी शेजारी, एकाच पिशवीतले शेंगदाणे खात.

"क्रिसांतो. हिलारिया. हिलारिया. क्रिसांतो."

मध्येच बाईंनी एक मतपत्रिका उघडली आणि थबकल्या. चष्मा वर केला, खाली केला. नियमाप्रमाणे ती देखरेखीच्या माणसांकडे फिरवून धरली.

गोल, टपोरं अक्षर. क्रि-चा वेलांटीसारखा वळसा, शेवटी तिची ती छोटी शेपटी. वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी ते अक्षर होतं. खिडकीतल्यांच्याही.

"क्रिसांतो लुमापास," बाई हळूच म्हणाल्या.

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "अगं बाई! मानांग, हे काय केलंस?"

"मत गुप्त असतं!" नोर्मिता बाई कडाडल्या. "कुणी कुणाचं अक्षर ओळखायचं नाही!"

मी मागे वळून पाहिलं. मानांग लालबुंद होऊन शेंगदाण्याची सालं गोळा करत होती. सांतोचा हात पिशवीतच राहिला होता.

संध्याकाळी पाचला रेघा मोजल्या. एकशे त्रेसष्ट आणि एकशे त्रेसष्ट.

घरी येताना मी तिला धारेवर धरलं. "स्वतःचं नाव लिहिलं असतंस तर दोन मतांनी आली असतीस निवडून!"

"कळतं मला बेरीज."

"मग?"

"अगं, लिहायलाच बसले होते. 'हि' काढायला पेन टेकवलं, आणि लाजच वाटली. स्वतःच स्वतःला कप्तान म्हणायचं? सांतो शेजारच्या टेबलावर बसलेला, मान खाली घालून लिहीत होता. माझ्या धर्मकन्येचा बाप. वाटलं, तो नक्की माझं लिहीत असेल, आणि मी इथे माझं लिहितेय." तिने चपलेतली वाळू झटकली. "सव्वीस वर्षांत सगळ्यांची नावं लिहिली, इंदाय. माझं लिहायची सवयच नाही."

बरोबरी झाली की कायदा सांगतो, चिठ्ठ्या काढा. पण दोन दिवसांवर संतांचा सण होता. त्या दिवसांत आमच्याकडे जिवंत माणसांचं काही काम होत नाही. सगळी वाडी स्मशानभूमीत असते, गवत उपटत, थडग्यांना चुना लावत, भाताचे डबे खात. लुमापासांची थडगी आमच्या माणसांच्या लगतच आहेत. मी सासऱ्यांच्या थडग्याला चुना लावत होते आणि पलीकडून पुरिताचा आवाज येत होता. ती आवाज कमी करण्याची तसदी कधीच घेत नाही.

"तिने तुझं नाव लिहिलं, आणि तू कुणाचं लिहिलंस?"

"माझं," सांतो पुटपुटला.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून एकाच माणसाला मत दिलं."

"पुरिता, हळू बोल, बाबा झोपलेत इथे."

"बाबांनाही कळू दे! नऊ वर्षं मंडळावर बसलास, एक कागद तरी स्वतः लिहिलास का? सगळं तिने लिहिलं. आणि कान उघडून ऐक, मी माझं मत लारिंगला दिलंय."

पलीकडे कुंचला चुन्याच्या डब्यात पडल्याचा आवाज आला.

"तू?" सांतो म्हणाला. "माझी बायको?"

"बायको आहे म्हणूनच. तू कप्तान झालास तर लोक सकाळी सहाला माझ्या दारात. चहा कोण करणार?"

सण संपता संपता निवडणूक कचेरीतले रोमुआल्दो साहेब वरून निरोप घेऊन आले. इलायाला नगरकचेरीत या, नाणं उडवू, पाच मिनिटांचं काम.

लोला सेबेरा, म्हणजे सेबेराआजी, आमच्या वाडीतली सगळ्यांत म्हातारी, एक्याण्णव वर्षांची. ती म्हणाली, "वर? पुन्हा वर? एकदा गेलो होतो."

"कधी, लोला?" साहेब नवीनच होते.

"चर्च गेलं तेव्हा."

आणि नाणंही नको, असं सगळ्यांनी सांगितलं. नाणं वर गेलं, खाली आलं, त्यात उरलेलं उघडून काय बघणार? शेवटी साहेबांनी हात टेकले. चिठ्ठ्या, आणि त्याही दाआनमध्ये, शाळेमागच्या त्या जुन्या दगडांवर.

शुक्रवारी सकाळी नऊला निम्मी वाडी जमली. नोर्मिता बाई टेबल घेऊन बसल्या. साहेबांनी दोन सारखे कागद कापले. एका चिठ्ठीचा दुसरीला वास लागू नये म्हणून दोन वेगळी पेनंही आणली होती. ते म्हणाले, "दोघांनी आपापलं नाव लिहायचं, घडी घालायची आणि ह्यात टाकायची." ह्यात म्हणजे त्यांच्या टोपीत.

"टोपी नको!" दहा आवाज एकदम.

पुरिताने भाताचा रिकामा कुकर आणून ठेवला, तोच नाताळचा.

मानांगने कागद पुढे ओढला. मी तिच्या मागेच उभी होते. पेन टेकवलं, उचललं, माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. मग तिने हळूहळू, जणू दुसऱ्याच कुणाचा दाखला लिहावा तसं, लिहिलं. हिलारिया काबाहित. सांतोने हाताचा आडोसा करून चार फराटे मारले. त्याचं अक्षर म्हणजे ओल्या वाळूतून खेकडा गेल्यासारखं. होडीवर नाव रंगवायचं असलं तरी तो मानांगकडून लिहून घेतो.

लोला सेबेराने कुकरमध्ये हात घातला. बराच वेळ चाचपलं. एक चिठ्ठी काढून नोर्मिता बाईंना दिली.

"हिलारिया काबाहित!"

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! कुणीतरी थाळी वाजवली. पुरिताने मानांगला मिठी मारली. आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता सांतो. "अभिनंदन, कप्तान! चला, चला, खायला काय आहे?" असं म्हणत त्याने सहज कुकर उचलून काखेत मारला.

मानांगच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने ते पुसलं, आणि मग तिची नजर कुकरवर गेली.

"कुम्पारे, कुकर खाली ठेव."

"पुरिताचा आहे, धुवायला नेतो."

"दुसरी चिठ्ठी वाचायची राहिली."

"आता कशाला, कुमारे? झालं की. सगळे खूश आहेत."

"तेव्हाही सगळे खूश होते, असंच लिहिलंय," ती म्हणाली. "दुसरी चिठ्ठी उघडा."

मी तिच्या झग्याचं टोक मागून ओढलं. निवडून आली होती ती. अजून एक शब्द बोलली नसती तर काही बिघडणार नव्हतं. पण तिने स्वतः कुकर ओढून घेतला, चिठ्ठी काढली आणि नोर्मिता बाईंच्या पुढे ठेवली.

बाईंनी उघडली. कागद फिरवला, उलटा केला, सुलटा केला. "हे... हे सांतोचंच अक्षर आहे. पण लिहिलंय हिलारिया."

पहिल्यांदा लोला सेबेरा हसली. मग दगडांवरची सगळी माणसं. एकशेचाळीस वर्षं आम्ही ज्या लबाडीबद्दल कुरकुरलो, ती आमच्याच माणसाने करून दाखवली होती, आणि तीही स्वतःला हरवायला.

रोमुआल्दो साहेब मात्र हसले नाहीत. "हा काय पोरखेळ आहे? कायद्याची सोडत आहे ही!"

सांतो मान खाली घालून उभा राहिला. "तिने मला मत दिलं, साहेब. मी मला दिलं. मला झोप येईना. परत द्यायचं होतं."

"उपकार असे फेडतात?" मानांग उखडली. "तुला मत दिलं ते माझ्या खुशीने. मला भीक घालतोस? ह्या चिठ्ठीवर कप्तान झाले, तर आयुष्यभर प्रत्येक सहीखाली मला तुझं खेकड्याचं अक्षर दिसेल. साहेब, ही सोडत रद्द करा. नवीन काढा."

"मानांग!" मी न राहवून ओरडले. "हरशील!"

"हरले तर हरले. पण ह्या दगडांवर नाही मी तसली चिठ्ठी जिंकणार."

नवे कागद कापले. ह्या वेळी साहेब सांतोच्या खांद्यावरून वाकून उभे राहिले आणि त्याने स्वतःचं नाव लिहिलं, पाच वर्षांच्या मुलासारखं जीभ बाहेर काढून. मानांगने तिचं लिहिलं. ह्या वेळी पेन उचललं नाही, मीच पाहिलं.

कुकर हलवला. लोला सेबेराने हात घातला. पुरिताने डोळे मिटून घेतले. मी मानांगचा हात धरला.

लोलाने चिठ्ठी बाहेर काढली, आणि नोर्मिता बाईंना द्यायच्या आधी स्वतःच उघडली. तिला अक्षरओळख नाही. तिने कागद आमच्याकडे फिरवून डोक्यावर उंच धरला, तोही उलटा.

नाव वाचायची गरजच पडली नाही. गोल, टपोरं, शेवटी शेपटी.

गलका ओसरायच्या आत मानांगने दुसरी चिठ्ठी काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी बराच प्रयत्न करून वाचली: "क्रिसांतो... लुमापास असावं." तेव्हा कुठे मानांग दगडावर बसली, आणि रडली.

शपथविधी झाला, आणि पहिल्याच आठवड्यात चिटणीस नेमायची वेळ आली. सांतो स्वतः कचेरीत आला, टोपी काढून हातात धरली.

"मला घे, कुमारे. पुरिता म्हणते, नऊ वर्षांत एक कागद लिहिला नाहीस, आता लिही."

"तुझं अक्षर तुला तरी वाचता येतं का?"

"सराव होईल."

आम्ही सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. तिने त्याला घेतलं. माझ्या स्वयंपाकघरातून कचेरीची खिडकी दिसते, त्यामुळे त्यानंतरचं मला सगळं दिसत असतं. सांतो लिहितो, घाम पुसतो, कागद चुरगळतो. मानांग हातावर हात घट्ट धरून बसते, पेन ओढून घ्यायला नको म्हणून.

त्याने लिहिलेला पहिला मोठा कागद म्हणजे त्या शुक्रवारच्या सोडतीचा वृत्तांत. मी सुमान द्यायला गेले होते तेव्हा तो तिच्यापुढे होता. दोन पानं, खेकडे सगळीकडे पळालेले. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"'निवड सर्वांच्या समाधानाने झाली.' हे कुणी सांगितलं तुला लिहायला?"

"मीच लिहिलं."

"सर्वांच्या? तुझ्यासुद्धा?"

"माझ्या तर आधी," सांतो म्हणाला. "मी पहिल्याच चिठ्ठीत लेखी दिलं होतं."

ती हसली. पेन उघडलं. मला वाटलं, ती ओळ खोडणार. पण तिने कागद सरळ केला, खाली, अगदी तळाशी गेली, आणि गोल टपोऱ्या अक्षरात सही केली. इतकी मोठी केली की तारखेला जागाच उरली नाही.

"तारीख वर घाल," ती सांतोला म्हणाली. "वर तू लिहितोस."